रतनक्काची तिसरी हाळी

फोन आला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या काळोख्या खोलीत एका निवृत्त मुख्याध्यापकांचे डोळे तपासत होतो. नांदेडात माझं चष्म्याचं दुकान आहे. मागं ही एक खिडकी नसलेली खोली, तिच्यात एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची अक्षरपाटी. मुख्याध्यापक खालच्या ओळीवर अडले होते आणि अडल्याचं कबूल करायला तयार नव्हते. तेवढ्यात लातूरहून प्राजक्ताचा फोन. प्राजक्ता म्हणजे आमच्या रतनक्काकडे गाणं शिकणारी मुलगी. शेवटी शेवटी अक्काचं औषधपाणीही तीच बघायची. "काका, अक्का गेल्या. सकाळी चहा ठेवून मी उठवायला गेले तर..." एवढंच बोलली ती. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस 'बरं' का म्हणतो, कुणास ठाऊक. फोन खिशात ठेवला आणि मुख्याध्यापकांना म्हणालो, "हं, वाचा पुढं." त्यांनी वाचलं, मी नंबर लिहून दिला. काही दिवसांनी ते चष्मा परत घेऊन आले. त्यातून त्यांना घरचा जिना दुप्पट उंच दिसत होता म्हणे. काचा मी बदलून दिल्या आणि कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तिचे फोटो होते. तिशीतली रतनक्का, केस मोकळे, मान मागं टाकलेली, तोंड उघडं. रॉक आणि ब्लूज मराठवाड्याच्या बोलीत आणणारी गायिका, वगैरे. एका वार्ताहर मुलीनं मला फोन करून विचारलं, तुम्ही त्यांचे चुलतभाऊ, तर त्यांचं संगीतातलं योगदान काय सांगाल? मी सांगितलं, की ती मांजरेच्या डोहात बुडी मारून तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायची. मुलीनं नम्रपणे धन्यवाद दिले आणि ते छापलं नाही. बरोबरच आहे. पण आता काही आठवडे उलटलेत, वार्ताहर दुसऱ्या मरणांकडे वळलेत, आणि माझ्याकडे सांगायला तेवढंच उरलंय... मूठभर वाळू. आमच्या घरात मला 'तिखटमीठ' म्हणतात. कुठलीही हकीकत मी सांगितली की तिच्यात दोन माणसं जास्तीची येतात आणि एक तरी बैल उधळतो. या हकीकतीत तशी सोय नाही. हिच्यात मुळात माणसंच कमी आहेत.

आमचं गाव बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला. घर अलीकडच्या काठावर आणि रान पलीकडं. उन्हाळ्यात नदी वाळूची असते, चालत जाता येतं. पावसाळ्यात मधे पाणी. मग पलीकडच्या माणसाला काही सांगायचं तर एकच साधन, हाळी. हाळी म्हणजे नुसती हाक नव्हे. हाक घरातल्या घरात मारता येते. हाळी पोटातून काढावी लागते, पाण्यावरून न्यावी लागते आणि पलीकडच्या माणसाच्या कानात नेऊन उतरवावी लागते. रतनक्काचा सख्खा भाऊ माणिकदादा, तिच्याहून बराच मोठा, दिवसभर पलीकडं असायचा. भाकरी झाल्या की रतनक्का काठाच्या उंच दरडीवर उभी राहून "माणिकदादाऽऽ" अशी हाळी द्यायची. तिचा आवाज मधेच फाटायचा आणि फाटलेला तसाच वर चढायचा. मग नदी थोडा वेळ गप्प... आणि पलीकडून दादाची "ओऽ". ती ओ आल्याशिवाय ही दरडीवरून हलायची नाही. मी तिच्याहून वर्षानं लहान, तिचं शेपूट म्हणून कायम मागं. मलाही हाळी देता यायची असं मी बायकोला आजवर सांगत आलोय. खरं म्हणजे माझी हाळी अर्ध्या नदीत बुडायची.

दिवसा हा सरळ व्यवहार होता. दिवे लागले की नियम बदलायचा. अंधार पडल्यावर आमच्या गावात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. हाक ओळखीच्या माणसाची का असेना, तिसरी आली की मगच ओ. रतनक्काची आई, म्हणजे माझी चुलती, सांगायची, "भुताला धीर नसतोय. ते एकदा हाक मारतंय, लईच झालं तर दोनदा. तिसऱ्यांदा मारतंय ते माणूस." आता आमच्या घरात भूत कुणी मानत नाही. मी तर विज्ञान शाखेचा विद्यार्थी. पण संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना मागून कुणी नाव घेतलं, तर अजूनही माझी जीभ दोनदा थांबते. लोकांना वाटतं ह्याला कमी ऐकू येतंय. चष्मेवाल्याला ते चालून जातं. कमी दिसत असतं तर धंदा बसला असता.

चुलतीच्या आजारपणात रतनक्काचं शाळेचं एक वर्ष गेलं, त्यामुळं आम्ही दोघं एकाच वर्गात आलो. दहावीला आम्हाला बरे गुण पडले आणि घरानं परस्पर ठरवून टाकलं, की ही दोघं डॉक्टर होणार. डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर, यात विचारायचं काही नव्हतं. ट्रंका, गाद्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊन आम्ही लातूरला गेलो. ती एका घरमालकिणीकडे, मी समोरच्या गल्लीत पोरांच्या खोलीत. शिकवणीच्या वाटेवर एक रेडिओ दुरुस्तीवाला होता, तो कॅसेटीही विकायचा. त्याच्याकडे कुठून तरी आलेली एक परदेशी कॅसेट कितीतरी दिवस पडून होती. वर एका काळ्यासावळ्या धिप्पाड बाईचं चित्र, डोळे मिटलेले. कुणी घेईना म्हणून त्यानं ती रतनक्काला जवळजवळ फुकट दिली. रविवारी घरमालकीण देवळात गेली की आम्ही तिच्या टेपवर ती लावायचो. मला त्यातलं काही कळायचं नाही. मी आपला खिडकीपाशी राखणीला. रतनक्का मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वहीतलं गणित सोडून ताठ बसली.

"सुभ्या, ही बाई हाळी द्यायली की रे."

मी म्हणालो, तुला इंग्रजी कळायलंय का? "इंग्रजी न्हाई कळत," ती म्हणाली. "पण पलीकडं कुणी तरी हाय तिचं. आन तिकडनं ओ यायली न्हाई, हे कळायलंय."

हे असलं गाणं, ज्याला ब्लूज म्हणतात, अमेरिकेतल्या कापसाच्या रानात राबणाऱ्या माणसांच्या आरोळ्यांतून निघालं, हे तिनं खूप पुढं कुठं तरी वाचलं आणि मला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाली, बघ, मी तेव्हाच म्हणले होते. त्या वर्षीच्या बारावीच्या निकालावर आमच्या घराण्याचा ठसा काही उमटला नाही. मी डोळ्यांचा डॉक्टर व्हायचा तो चष्म्यांवर थांबलो, आणि रतनक्का नांदेडला कॉलेजात नाव घालून लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गायला लागली. वरातीच्या मांडवात फर्माइशीची गाणी निमूट म्हणायची, आणि मधेच कुठं तरी ती कॅसेटवाली बाई अंगात आल्यासारखा आवाज फाडायची. वरमाया दचकायच्या. पण ऑर्केस्ट्रावाले तिला सोडत नव्हते, कारण आवाज माइक बंद पडला तरी पोचायचा, आणि माइक दर लग्नात बंद पडायचा.

तोवर चुलते वारले होते, घर माणिकदादाच्या अंगावर होतं. त्यानं औशाचं स्थळ आणलं. पाहुणे गावी आले, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला. मुलाचे मामा बशीत चहा ओतत म्हणाले, गाणं म्हणता म्हणं, म्हणा की एखादं. दादाच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. त्याच्या डोक्यात एखादा अभंग असणार. रतनक्कानं पदर नीट केला, डोळे मिटले, आणि अंगणाच्या पार पलीकडं जाईल अशी हाळी सोडली. तिलाच जोडून तो कॅसेटमधला सूर, खाली मान घालून रडल्यासारखा. मामांची बशी मामांच्या मांडीवर. बाहेर बैल उधळला. (हा बैल खरा आहे, मी घातलेला नाही.) पाहुणे "कळवतो" म्हणून गेले, ते गेलेच. संध्याकाळी दादा ओसरीवर बसला होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "तुला गायचंय तर जा तू. मी आडवा येणार न्हाई. पण इथनं पुढं तुझी हाक मला ऐकू येणार न्हाई."

रतनक्का पुण्याला गेली. दादानं शब्द पाळला. फोन आला की तो रिसीव्हर वहिनीच्या हातात द्यायचा आणि गोठ्याकडं निघून जायचा. भांडण नव्हतं, अबोला म्हणावा तर तो दोघांनी धरावा लागतो. इथं एकजण बोलत होती आणि एकाला ऐकू येत नव्हतं, बस.

पुढचं तुम्ही पेपरांत वाचलंय. पुण्यात चार पोरांबरोबर तिचा बँड झाला. सुरुवातीला ती इंग्रजी गाणी म्हणायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि विसरून जायचे. मग एका कॉलेजच्या गॅदरिंगला ती गाण्याच्या मधेच थांबली. का ते तिलाही सांगता येत नव्हतं. तिनं वाजवणाऱ्यांना हातानं गप्प केलं आणि अंधारात हाळी दिली... "माणिकदादाऽऽ". पोरांना वाटलं ही काही तरी नवी तऱ्हा. सगळं मैदान एका आवाजात "ओऽ" म्हणालं. त्या दिवसापासून ती तिची पद्धतच झाली. प्रत्येक कार्यक्रमात ती एका जागी येऊन थांबायची, हाळी द्यायची, आणि ओ येईपर्यंत पुढची ओळ म्हणायची नाही. बँडमधल्या पोरांना ताकीद होती, त्या मोकळ्या जागेत कुणी तारेला बोट लावायचं नाही. गाणी ती आमच्याच बोलीत बांधायला लागली, नदीची, पलीकडच्या रानाची, भाकरी थंड होण्याची. कॅसेट कंपनीच्या एका साहेबानं सुचवलं, 'न्हाई' जरा गावंढळ वाटतं, तिथं 'नाही' करू या. ती म्हणाली, "'नाही'त मला रडता येत न्हाई साहेब." ते गाणं तसंच निघालं आणि गाजलं. आज गिटार घेऊन आपापल्या गावच्या बोलीत गाणाऱ्या ज्या पोरी मोबाइलवर दिसतात, त्यातल्या कितीतरी जणी तिचं नाव घेतात. काही नुसताच तिच्यासारखा आवाज फाडतात. ती शिलाँगला गेली, कोचीला गेली, एकदा तर त्या कॅसेटवाल्या बाईच्या देशातही जाऊन आली. तिथं पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तिच्या पहिल्याच हाळीला अशी ओ दिली, की तिला वाटलं, पलीकडचं रान ते हेच.

कार्यक्रम झाला की ती मला फोन करायची. तिच्यामागं नुसता पंख्याचा आवाज असायचा. हजारो माणसं ओ देऊन घरी गेलेली आणि ही कुठल्या तरी हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलेली. लग्न तिनं केलं नाही; एकदोघं आले आणि गेले, त्यांच्याविषयी ती ऑर्केस्ट्रातल्या बंद पडलेल्या माइकांसारखी बोलायची. फोनवर आधी पाण्याची चौकशी, मग सोयाबीनची, मग माझ्या पोटाच्या घेराची. शेवटी हळूच, "दादा बरा हाय का? ऐकलं का रे त्यानं कधी?" मी म्हणायचो, ऐकतोय, परवा रेडिओला कान लावून बसला होता, डोळे पुसत होता. ती म्हणायची, "सुभ्या, बैल नको घालूस मधी." आणि फोन ठेवायची.

मग बिलोलीच्या पोरांनी तिचा कार्यक्रम ठरवला. तालुक्याचं गाव, उघडं मैदान, बाजूला ट्रॅक्टर लावलेले. तिनं कसलीही अट न घालता हो म्हटलं. मी दादाला सांगायला गेलो, तर तो वैरण टाकत होता. "कळलंय मला," एवढंच म्हणाला. पण त्या संध्याकाळी तो आला. सगळ्यात मागं एका ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, डोक्याला टॉवेल. आमच्या गावचे, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे, सगळे आलेले. मला पडद्यामागं एका वायरचा जिम्मा दिला होता, ती प्लगमधून निघते म्हणून धरून उभं राहायचं. रतनक्का माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. जगभर गाऊन आलेली बाई, पण पडद्याच्या फटीतून मैदान धुंडाळत होती.

"आलाय?"

"आलाय. ट्रॅक्टरपाशी."

ती गायला लागली. लोकांना आवडत होतं, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, म्हातारे माना डोलवत होते. मग ती त्या जागेवर आली. दिवे मंद झाले, ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. तिनं हाळी दिली. तीच, दरडीवरची, मधेच फाटून वर चढणारी. "माणिकदादाऽऽ"... आणि सगळं मैदान चिडीचूप. एवढ्या माणसांतून एक हुंकार नाही. कुणाचं तरी लेकरू बोलायला गेलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मागं कुणी तरी खोकलं. रतनक्का थांबली. तिनं आजवर ओ आल्याशिवाय पुढची ओळ म्हटली नव्हती. तिनं पुन्हा हाळी दिली, या वेळी जरा खालून, विनवल्यासारखी. पुन्हा तेच. रातकिडे तेवढे. मीसुद्धा वायर धरून जीभ दाताखाली दाबून उभा होतो. तो विचार नव्हता, ते हाडात बसलेलं होतं... आता तिसरी येईल. ती आली नाही. रतनक्कानं मान खाली घातली, ड्रमवाल्याला खूण केली आणि उरलेला कार्यक्रम नीट पार पाडला. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. खाली उतरून ती सरळ गाडीत बसली. मी काच ठोठावली, तर म्हणाली, "ओ द्यायची का न्हाई हे त्याच्या हातात हाय, सुभ्या. त्यानं सांगितलं. कळलं मला." गाडी निघूनही गेली.

सकाळी मी शटर वर करतोय तर पायरीवर माणिकदादा. पहिल्या एस.टी.नं आला होता, टॉवेल अजून तसाच डोक्याला. चहा नको म्हणाला. बराच वेळ चष्म्यांच्या काचेच्या कपाटाकडं बघत राहिला.

"तिसरी का दिली न्हाई तिनं?"

तो म्हणाला, "सगळं मैदान तिसरीसाठी थांबलं होतं. दिवे लागल्यावर दोनवर कोण ओ देतंय? तिला ठावं न्हाई का? मी ओ ओठावर घेऊन बसलो होतो रे सुभ्या... ओठावर."

मी तिथूनच तिला फोन लावला, दादा पायरीवर पाठ करून बसलेला. सगळं सांगितलं. मग ती हसली. "अगं बाई... दिवे लागल्यावरच्या तीन. इसरलेच की रे मी. हिकडं लोक पहिल्याच हाकेला वरडतेत, त्याची सवय लागली." मग, "ओठावर म्हणला?"

"ओठावर."

"ह्यात बैल न्हाई ना?"

"न्हाई अक्का. शपथ."

"मग त्याला म्हणावं, तिथंच ठीव ओठावर. दिवाळीला येते मी. दरडीवरनंच देते तिसरी." मी म्हणालो, तो इथंच बसलाय, देऊ का फोन? "फोनवर न्हाई," ती म्हणाली. "फोनला कुठं नदी असती?" मी दादाला निरोप सांगितला. त्यानं मान हलवली, आणि मग एक चहा चालेल म्हणाला.

दिवाळीच्या आधीच तिचा आवाज बसला. गाणाऱ्यांचा बसतोच, म्हणून तिनं ज्येष्ठमध चघळला, गुळण्या केल्या. नंतर कळलं की ते साधं बसणं नव्हतं. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याशी एक बारीक भोक राहिलं, त्यातून श्वास यायचा जायचा. मी भेटायला गेलो, तर मीच हावरटासारखा बोलत सुटलो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला मोफत डोळे तपासून देतो असंही म्हणालो. ती हसली. हसण्याचा आवाज नसतो तेव्हा हसणं किती लांब वाटतं.

पुण्याचं घर सोडून ती लातूरला येऊन राहिली. कारण विचारलं तर मोबाइलवर लिहून दाखवलं, 'जिथं नापास झाले तिथंच मास्तरीण होते.' शिकवण्यांच्या गल्लीत गच्चीवरची एक खोली. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी रविवारी तिच्याकडे जमायच्या. ती त्यांच्या पोटावर तळहात ठेवायची, दुसऱ्या हातानं लांब कुठं तरी दाखवायची, म्हणजे तिथपर्यंत पोचव. आठवडाभर तोंड मिटून पाठांतर केलेल्या त्या पोरी अशा काही हाळ्या द्यायच्या, की खालच्या मजल्यावरचे घरमालक कानांत कापूस घालून बसायचे. तक्रार मात्र त्यांनी केली नाही, त्यांचीच नात त्यात होती. प्राजक्ता त्यातलीच. ती हळूहळू रतनक्काचे ओठ वाचायला शिकली.

माणिकदादा महिन्या-दोन महिन्यांनी लातूरला जायचा. ज्वारीचं पीठ, अंबाडीची भाजी, कधी हुरडा. कितीदा मीही बरोबर असायचो. पहिल्यांदा तो दारात उभा राहिला, इतक्या वर्षांनी समोरासमोर, आणि म्हणाला, "पीठ आणलंय." ती उठून डबा घेऊन आली. एवढंच झालं. मग दोघं बसून राहायची, ती गच्चीकडं बघत, तो स्वतःच्या पायांकडं. तीन तास असे गेले की मी घामाघूम व्हायचो. गप्प बसण्याची माझी तयारी नाही. एकदा परतताना बसस्टँडवर मी धीर केला. म्हणालो, दादा, एकदा नुसतं 'ओ' म्हण की तिला. काय जातंय? तिला किती बरं वाटंल.

एस.टी. लागली, लोक खिडकीतून रुमाल टाकायला लागले, तरी तो उभाच. "हाक न येता ओ कशी देऊ? तिला वाटंल, गळा गेला म्हणून द्यायलाय. भीक घातल्यासारखी. तसली ओ घेणारी हाय का ती?"

पुढच्या खेपेला दादा खाली दुधाला गेला होता तेव्हा मी तिलाही विचारलं, हाकेशिवायच त्यानं ओ दिली तर चालेल का? तिचे ओठ हलले. प्राजक्ता जरा घुटमळली आणि म्हणाली, "अक्का म्हणतायत, फुकटची नको." दोघंही एकाच आईची लेकरं. मी चुलतीचा पुतण्या, मला हा हट्ट परवडत नाही. मला कुणी फुकट काही दिलं तर मी घेऊन टाकतो.

शेवटची भेट थंडी सुरू होताना झाली. ती खाटेवरच होती, खूप वाळलेली, पण केस विंचरून बसलेली. निघताना दादा उंबऱ्यापाशी थांबला आणि नेहमीसारखंच म्हणाला, "गळा सुधारला की ये. दरडीवर." आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिनं मान हलवली, होय, येते. जिन्यावरून उतरताना दादानं माझा खांदा धरला. त्याला जिना नीट दिसत नव्हता. चष्म्याचा नंबर बरोबर होता, मीच काढला होता.

रक्षा मांजरेतच सोडली. पाणी कमी होतं, वाळू खूप. पावणेरावळे, पुण्याचे बँडवाले, लातूरच्या पोरी, सगळे परत फिरले. दादा दरडीवर बसून राहिला, पलीकडच्या रानाकडं तोंड करून. खरं तर तो आयुष्यभर त्या काठावरून ऐकत आला. या काठावर हाळी द्यायची जागा तिची होती. गावात दिवे लागले तरी तो उठेना. मी काही बोललो नाही. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे ही, मी काही बोललो नाही.

प्राजक्ताला नंतर त्या बिलोलीच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळालं, ते तिनं माझ्या मोबाइलवर पाठवलं. दादा आता नांदेडला आला की दुकानात येतो, गिऱ्हाइकं असली तरी सरळ मागच्या खोलीत जाऊन त्या उंच खुर्चीवर बसतो. मला अक्षरपाटीसुद्धा मालवायला लावतो. म्हणतो, दिवे लागल्यावरचं हाय ते, उजेडात ऐकायचं न्हाई. बाहेरच्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना काही तरी मोठं झालंय, एवढा वेळ तपासणी चाललीय. मी मोबाइल स्टुलावर ठेवतो. हाळी येते. तिच्यामागं मैदानाची ती शांतता, लेकराच्या तोंडावर हात पडल्याचा आवाज, मग एक खोकला. "हा मी," दादा दर वेळी सांगतो. मग दुसरी हाळी, खालून आलेली. मग पुन्हा शांतता, आणि ड्रम सुरू व्हायच्या आत दादा हात वर करतो. अंधारात मला तो हात दिसत नाही, पण एव्हाना कळतो. मी बंद करतो.

मागच्या बाजारी तो फार थकलेला दिसला. खोली काळोखी, दोन हाळ्या झालेल्या, मी बंद केलेलं. मला राहवलं नाही. म्हणालो, दादा, आता तरी दे ओ. इथं तू अन् मी. कोण ऐकायलंय?

खुर्ची जराशी करकरली.

"दोनच झाल्यात," दादा म्हणाला. "थांब जरा."